परसबागेतील खारी आणि फळांची राखण

घराच्या मागील अंगणात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले केळीचे चार खुंट, अळूचा वाफा, कुंपणाशी शेवगा, एखाददुसरा पेरू व डाळिंब, मांडवावर दोडका किंवा वाल, एवढी सामग्री असलेली परसबाग म्हणजे कुटुंबाच्या आरोग्याची कणगीच होय. जे फळ व जी भाजी बाजारातून रोज विकत आणणे परवडत नाही, ती या गुंठाभर जागेतून मुलांच्या ताटात येते. तिच्या उत्पन्नाचा हिशेब कोणी वहीत मांडीत नाही; परंतु गरोदर स्त्रीला, अंगावर पाजणाऱ्या मातेला व वाढत्या वयाच्या मुलांना लागणारी अनेक पोषक द्रव्ये याच जागेतून मिळत असतात. यास्तव परसातील दहा फळे नासली म्हणजे केवळ दहा फळांचे पैसे बुडाले असे नव्हे, तर ती घरातील मुलांच्या तोंडातून गेली असे समजले पाहिजे.

या परसबागेला एक वाटेकरी आहे. तो म्हणजे खार. कोकणात व गोव्यात तिला चानी म्हणतात. लहान मुले तिला खारुताई म्हणून हाक मारतात. सेतू बांधताना तिने वाळूचे कण वाहिले व प्रभू रामचंद्रांनी पाठीवरून हात फिरविला, त्या बोटांचे पट्टे तिच्या अंगावर उमटले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. त्यामुळे खारीवर हात उगारण्यास पुष्कळांचे मन धजत नाही. तथापि, पेरलेला वाटाणा उकरला गेला आणि पिकत आलेले डाळिंब पोखरले गेले की हेच मन बदलते व विषाच्या पुडीची आठवण होते. या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणपणाचा मार्ग आहे.

अंगणातील एक प्रसंग

देशावरील एका घराची कल्पना करावी. दिवाळी झाल्यावर घरातील सुनेने परसातील दोन वाफ्यांत वाटाणा टोकला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो वाफ्यात जागोजागी बोटभर खड्डे व टरफलांचा चुरा. चार डाळिंबांच्या झाडांवरील फळे रंगू लागली होती. त्यांपैकी सहा पोखरलेली. चिकूच्या झाडाखाली अर्धवट खाल्लेली फळे पडलेली. त्याच वेळी कौलांवरून एक खार शेपूट उडवीत 'चिक्‌ चिक्‌' करीत धावत गेली. चोर सापडला असे सर्वांना वाटले. म्हातारे सासरे म्हणाले, "उद्या बाजारातून उंदराचे औषध आणतो. कणकेच्या गोळ्या करून ठेवू, म्हणजे ब्याद जाईल."

त्याच अंगणात दोन वर्षांचा नातू रांगत-धावत होता व पाच कोंबड्या दाणे टिपीत होत्या.

असे प्रसंग पुष्कळ घरांत घडतात, आणि ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांची खरी गरज अशाच वेळी असते. या घरी आलेल्या ग्रामसेवकाने म्हाताऱ्यांना एवढेच सांगितले, "आबा, आठवडाभर थांबा. चोर एक आहे की तीन, ते आधी पाहू." आठ दिवसांनंतर काय आढळले, ते पुढे येईलच. प्रथम या प्राण्याची माहिती करून घेणे अवश्य आहे.

खारीची राहणी

महाराष्ट्रात घराभोवती दिसणाऱ्या खारी मुख्यतः पट्टेरी खारी होत. पठारावरील गावांत व शहरांत पाच पट्ट्यांची खार नेहमी दिसते. सह्याद्रीच्या व कोकणाच्या दाट झाडीत तीन पट्ट्यांच्या खारी आढळतात. भीमाशंकरच्या जंगलातील मोठा, तांबूस रंगाचा शेकरू हा याच कुळातील असला तरी त्याची गोष्ट निराळी. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे व परसबागेशी त्याचा सहसा संबंध येत नाही.

खारीच्या राहणीतील चार गोष्टी शेतकऱ्याने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, खार ही दिनचर आहे. उजाडल्यावर ती बाहेर पडते. सकाळी व दुपार कलल्यावर तिची धावपळ अधिक असते. उन्हाच्या वेळी ती सावलीत विसावते आणि अंधार पडण्यापूर्वी घरट्यात परतते. रात्री झालेले नुकसान खारीचे नव्हे.

दुसरी गोष्ट तिच्या दातांची. उंदराप्रमाणेच खारीचेही पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी तिला सतत काही ना काही कुरतडावे लागते. म्हणून पोट भरलेले असले तरी ती लाकूड, काथ्या, ठिबक सिंचनाची नळी किंवा नायलॉनची जाळी कुरतडते.

तिसरी गोष्ट तिच्या आहाराची. बिया, फळे, कोवळे कोंब, कळ्या व फुलांतील मध हे तिचे मुख्य अन्न. त्याच्या जोडीला ती किडे व वाळवीही खाते. काटेसावर फुलते तेव्हा फुलांत तोंड घालून बसलेल्या खारी पुष्कळांनी पाहिल्या असतील. ती फुलाफुलांतून हिंडते तेव्हा तिच्या तोंडाला लागलेले परागकणही तिच्याबरोबर फिरतात. पक्ष्यांची अंडीही ती प्रसंगी खाते. म्हणजे ती केवळ शत्रू नव्हे व केवळ मित्रही नव्हे. मिळेल ते खाणारी व माणसाच्या शेजारी राहण्यास सरावलेली ती एक शेजारीण आहे.

चौथी गोष्ट तिच्या घरट्याची. काथ्या, गवत, कापूस, चिंध्या, सुतळी यांचा गोळा करून ती झाडाच्या बेचक्यात, कौलांच्या खाली किंवा भिंतीच्या पोकळीत घरटे बांधते. एका वेळी बहुधा दोन ते चार पिले होतात. ती डोळे मिटलेली व उघडी जन्मतात आणि कित्येक आठवडे सर्वस्वी आईवर अवलंबून असतात. आई मारली गेली तर पिले आत उपाशी मरतात व कौलाखाली दुर्गंधी सुटते.

मारून खारी संपत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. अन्न, पाणी व आसरा कायम असेल तर एकीची रिकामी झालेली जागा दुसरी घेते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १८९८ मध्ये प्राणिसंग्रहालयातून काही भारतीय पट्टेरी खारी बाहेर सुटल्या. परका देश, परके हवामान, तरीही शंभराहून अधिक वर्षे त्यांची वस्ती त्या शहरात टिकून राहिली. जो प्राणी परमुलखात असा टिकतो, तो आपल्या गावातील आंबा-चिंचेच्या झाडांवरून चार गोळ्यांनी नाहीसा होईल ही आशा व्यर्थ होय.

चोर कोणता, हे प्रथम ठरवावे

परसबागेतील प्रत्येक कुरतडलेले फळ खारीच्या नावावर टाकले जाते, कारण दिवसा डोळ्यांना तीच दिसते. परंतु वटवाघळे, पोपट, उंदीर, घुशी व फळ पोखरणाऱ्या अळ्या यांचेही हात, किंबहुना दात, त्यात असतात. प्रत्येकाची खूण निराळी असते.

खारीने खाल्लेल्या फळावर दोन-दोन दातांच्या समांतर खाचा दिसतात व भोकाची कड वेडीवाकडी असते. सालीचे बारीक तुकडे झाडाखाली ताजे पडलेले असतात व नुकसान दिवसा होते.

वटवाघूळ रात्री येते. ते गर चावून रस पिते व चोथ्याच्या चपट्या गोळ्या थुंकून टाकते. झाडाखाली असे चोथे दिसले किंवा दुसऱ्याच झाडाखाली चिकू-पेरूची फळे सापडली तर ते काम वटवाघळाचे समजावे.

पोपट चोचीने त्रिकोणी लचके तोडतो, थोडे खातो व पुष्कळ खाली पाडतो. दिवसा थव्याच्या ओरडण्यावरून तो ओळखू येतो.

उंदीर व घूस रात्री हिंडतात. जमिनीलगतची फळे, कंद व शेंगा यांचा ते नाश करतात. जवळपास लेंड्या, बिळे व घुशीने उकरलेली माती आढळते.

डाळिंबावर लहान, गोल व स्वच्छ भोक असून त्यातून विष्ठा बाहेर आलेली दिसली तर ते फळ पोखरणाऱ्या अळीचे काम होय. तिची सुरसा कोवळ्या फळांवर अंडी घालते.

या खुणा किती उपयोगी असतात याचे एक चांगले उदाहरण केरळ व कर्नाटकातील कोकोच्या बागांत मिळते. तेथे उंदीर कोकोचे फळ देठाजवळ पोखरतो, तर खार फळाच्या मध्यभागी भोक पाडते. बागायतदार भोकाची जागा पाहूनच उपाय ठरवितो. खारीचा रोख मुख्यतः पिकलेल्या फळावर असल्याने, फळ पिकताच वेळ न घालविता काढून घेणे हा तेथील एक मुख्य उपाय आहे.

पाहणी करणे अवघड नाही. सायंकाळी अंधार पडल्यावर झाडाखालील सर्व पाला व फळे झाडून काढावीत. उजाडण्यापूर्वी एकदा व सूर्यास्ताच्या सुमारास एकदा जागा पाहावी. पहाटे जे नवीन सापडेल ते रात्रीच्या चोराचे. सायंकाळी जे सापडेल ते दिवसाच्या चोराचे. सात दिवस एवढी नोंद शाळेत जाणारे मूलही ठेवू शकते.

वर सांगितलेल्या घरात अशी पाहणी केली असता आढळले ते असे : वाटाणा खरोखरच खारीने दिवसा उकरला होता. पोखरलेल्या सहा डाळिंबांपैकी दोन खारीची, तर चार अळीची होती. चिकूची फळे सर्वच्या सर्व रात्री पडत होती व झाडाखाली चोथे होते. म्हणजे ती वटवाघळांची होती. खारीसाठी आणलेले विष ठेवले असते तरी चार डाळिंबे व सगळे चिकू पूर्वीप्रमाणेच गेले असते. आणि अंगणात विष मात्र उरले असते.

पेरणीनंतरचे पहिले पंधरा दिवस

बियांचे नुकसान होण्याचा काळ अगदी थोडा असतो. वाटाणा, भुईमूग, मका, सूर्यफूल, वाल यांचे बी पेरल्यापासून रोपाला दोन-चार खरी पाने फुटेपर्यंत धोका असतो. नंतर बियांतील साठा संपतो व खारीचे लक्ष उडते. म्हणून बाग वर्षभर राखण्याऐवजी हे पंधरा दिवस कसोशीने राखावेत.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जाळीचे झाकण. तीन फूट रुंद, सहा फूट लांब व एक फूट उंच असा बांबूचा किंवा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करावा व त्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची अर्ध्या इंचाची, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर भोकांची जाळी ठोकावी. नायलॉनची जाळी स्वस्त पडते, परंतु खार ती कुरतडते व कित्येकदा पक्षी व साप तीत अडकून मरतात. सांगाड्याच्या कडा मातीत दोन-चार बोटे दाबाव्यात. एका वाफ्यातील रोपे वर आली की हेच झाकण उचलून दुसऱ्या वाफ्यावर ठेवता येते. कोरडे ठेवल्यास ते अनेक वर्षे टिकते.

ज्यांना जाळी घेणे शक्य नाही त्यांनी जुना उपाय करावा. वाफ्यावर बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या दाट पसराव्यात व रोपे चार बोटे वाढल्यावर काढून घ्याव्यात. बी वरवर न टाकता योग्य खोलीवर टोकावे, माती हाताने दाबावी व एकही दाणा उघडा राहू देऊ नये. वर सांडलेला एक दाणा खारीला संपूर्ण ओळ दाखवितो. वाटाणा व वाल यांचे बी रात्रभर भिजवून, मोड दिसू लागताच पेरल्यास उगवण लवकर होते व धोक्याचे दिवस कमी होतात. काकडी, दोडका, भोपळा यांची रोपे पिशव्यांत किंवा करवंट्यांत करून, पडवीत टांगलेल्या शिंक्यावर वाढवावीत आणि मग आळ्यात लावावीत.

फळांची राखण ही तोडणीच्या वेळेत आहे

फळांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे योग्य वेळी तोडणी. झाडावर पूर्ण पिकू दिलेले फळ गोड लागते ही समजूत सर्वच फळांना लागू पडत नाही. आंबा, चिकू, सीताफळ, रामफळ, पपई व केळी ही फळे पक्व होताच, परंतु पिकून मऊ होण्यापूर्वी काढली तर घरात उत्तम पिकतात. खारीला, पोपटाला व वटवाघळाला ओढून आणतो तो मऊ झालेल्या फळाचा वास व रंग. त्या अवस्थेला फळ झाडावर पोहोचूच दिले नाही तर तिघांचाही बंदोबस्त एकदमच होतो.

पक्वता ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

चिकू : अंगावरील तपकिरी भुसा सहज झडतो, नखाने साल खरवडल्यास आत हिरवा रंग न दिसता पिवळसर दिसतो व चीक थोडा निघतो.

सीताफळ : डोळे फुगतात व दोन डोळ्यांमधील भेगांना पिवळसर पांढरा रंग येतो.

पपई : फळाच्या टोकाकडे पिवळी रेघ दिसू लागते व ओरखडा काढल्यास चीक पाण्यासारखा पातळ निघतो.

केळी : फण्यांतील केळ्यांच्या धारा जाऊन ती गोलसर दिसू लागतात.

आंबा : फळाचे खांदे देठाच्या वर येतात व देठाजवळ खळगा पडतो.

आंबा झेल्याने, देठ राखून काढावा, म्हणजे चिकाचे डाग पडत नाहीत. फळे गवताच्या किंवा भाताच्या पेंढ्याच्या अढीत, हवेशीर परंतु बंद खोलीत ठेवावीत. उघड्या पडवीतील अढी म्हणजे खारीला व उंदराला वाढलेले ताटच होय. म्हणून वर जाळी किंवा घट्ट विणीचे डालगे पालथे घालावे.

डाळिंबाची गोष्ट वेगळी आहे. ते तोडल्यानंतर पिकत नाही, म्हणून ते झाडावरच तयार व्हावे लागते. त्यासाठी फळ लिंबाएवढे झाल्यावर प्रत्येक फळाला पिशवी बांधावी. जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या कापडाची, तोंडाला दोरी असलेली पिशवी घरच्या घरी शिवता येते. कागदी पिशवी खार फाडते. कापडीही ती प्रसंगी कुरतडते, परंतु फळ दिसत नसल्याने व वास कोंडला जात असल्याने नुकसान पुष्कळ कमी होते. पिशवीचा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. फळ झाकलेले असल्याने सुरसाला त्यावर अंडी घालता येत नाहीत व अळीचा उपद्रव टळतो. मात्र पिशवी बांधण्यापूर्वी फळावर अंडी किंवा भोके नाहीत हे पाहून घ्यावे. नाहीतर शत्रूला आत कोंडल्यासारखे होईल. पेरूलाही अशीच पिशवी बांधावी व फळाचा गर्द हिरवा रंग फिकट होताच ते काढावे.

खाली पडलेली व अर्धवट खाल्लेली फळे रोज सायंकाळी गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरावीत. ती तशीच पडू दिल्यास फळमाशीची पैदास होते व उंदीर आकर्षित होतात. प्राण्याने उष्टावलेले फळ कापून चांगला भाग मुलांना देण्याची चाल आहे, ती सोडावी.

झाडावर चढण्याची वाट बंद करणे

नारळ, किंवा एकाकी उभे असलेले चिकूचे अथवा पेरूचे झाड असेल तर खोडावर पत्रा लावण्याचा उपाय चांगला लागू पडतो. जस्ती पत्र्याची सुमारे दीड फूट रुंद पट्टी, जमिनीपासून सहा-सात फूट उंचीवर, खोडाभोवती सपाट बसेल अशी गुंडाळावी व तारेने बांधावी. गुळगुळीत पत्र्यावर खारीची व उंदराची नखे ठरत नाहीत. नारळाचे खोड जाडीने फारसे वाढत नाही. परंतु आंबा, चिकू यांचे खोड दरवर्षी वाढते, म्हणून त्यांच्या पट्टीची तार वर्षातून एकदा सैल करावी, नाहीतर ती सालीत रुतून झाडास इजा होते.

एक मात्र विसरू नये. ज्या झाडाच्या फांद्या शेजारच्या झाडाला, कुंपणाला, छपराला किंवा विजेच्या तारेला टेकलेल्या असतात, त्याला पत्रा बांधून काही उपयोग नाही. खार जमिनीवरून न येता वरच्या वाटेने येते. म्हणून झाड व अन्य आधार यांत निदान सहा ते आठ फूट अंतर राहील अशी छाटणी करावी. विजेच्या तारेजवळील फांद्या स्वतः न तोडता वीज कर्मचाऱ्यांकडून तोडवून घ्याव्यात. दाट वाडीत, जेथे झाडाला झाड लागलेले आहे, तेथे पत्र्याच्या नादी न लागता वेळेवर तोडणी व पिशव्या यांवरच भर द्यावा.

घराच्या छपरातील फटी, वाशांच्या टोकांजवळील मोकळ्या जागा व मीटरच्या पेटीची भोके तारेच्या जाळीने बुजवावीत. तत्पूर्वी आत घरटे व पिले नाहीत ना, हे पाहावे. असल्यास पिले मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबावे. कोंबड्यांचे खाद्य व बियाणे झाकणाच्या डब्यात ठेवावे. ज्या अंगणात दाणे सांडलेले असतात तेथे खारी हलत नाहीत.

उन्हाळ्यात पाण्याच्या ओढीनेही खारी रसाळ फळांकडे वळतात. बागेपासून दूर, मांजर पोहोचणार नाही अशा जागी पाण्याचे मातीचे भांडे ठेवावे व ते रोज धुवावे. यामुळे पक्ष्यांचीही सोय होते. तथापि, केवळ पाणी ठेवल्याने फळे वाचतील असे मानू नये. ठिबकच्या नळ्या शक्य तेथे मातीखाली चार-सहा बोटे दाबाव्यात व तोट्यांची वरचेवर तपासणी करावी.

भीती दाखविण्याचे उपाय

बुजगावणे, चमकणाऱ्या पट्ट्या, वाऱ्याने वाजणारे डबे यांनी खार पहिले काही दिवस बिचकते. पुढे तिला सवय होते. म्हणून हे उपाय फळ तयार होण्याच्या अगदी शेवटच्या आठवड्यात करावेत व दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी. तिखटाचे पाणी फवारण्याचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी केला जातो. मिरचीचा तिखटपणा खारीला व उंदराला झोंबतो, पक्ष्यांना तो जाणवत नाही. त्यामुळे पोपटावर त्याचा काही परिणाम होत नाही. पाऊस पडला किंवा पाणी शिंपले की तिखट धुऊन जाते. फवारताना डोळ्यांची काळजी घ्यावी व लहान मुलांच्या हाती लागणाऱ्या फळांवर ते मारू नये.

मांजर पाळल्याने खारी दूर राहतात हे खरे. परंतु तेच मांजर कोंबडीची पिले व किडे खाणारे पक्षीही मारते, याचा विचार करून ठरवावे.

विष का नको

उंदरांसाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाइड हे पोटात गेल्यावर फॉस्फीन नावाचा विषारी वायू निर्माण करते. त्यावर नेमका असा उतारा नाही. कणकेची किंवा गुळाची गोळी खारीने खाल्ली काय, कोंबडीने टिपली काय, की मुलाने तोंडात घातली काय, विष भेद करीत नाही. शिवाय खारीला एक सवय असते. ती खाद्य उचलून दूर नेते, ठेवते, टाकून देते. बंद बिळात ठेवलेली गोळी निदान कोठे आहे हे माहीत असते. खारीसाठी उघड्यावर ठेवलेली गोळी सायंकाळी कोणाच्या अंगणात असेल हे सांगता येत नाही. विषाने मेलेला प्राणी खाऊन कुत्री, मांजरे व घुबडे मरण्याचा धोका असतो. घुबड हे तर उंदरांचे मोठे शत्रू. म्हणजे एका चोरासाठी पहारेकऱ्याचाच बळी दिल्यासारखे होते.

रात्री खरोखर उंदरांचा उपद्रव आढळला तर परसबागेत सापळे लावावेत, बिळे खणून बुजवावीत, सरपणाचे व कचऱ्याचे ढीग हलवावेत. कुंपणात वीज सोडण्याचा विचारही मनात आणू नये. त्यात माणसे व गुरे मरतात व तो गुन्हा आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या मूळच्या रचनेत उंदीर, घुशी, कावळे व फळे खाणारी वटवाघळे यांची उपद्रवी प्राणी म्हणून वेगळी अनुसूची होती; खार त्या यादीत नव्हती. पाच पट्ट्यांची खार चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत, घालण्यात आली होती. २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची फेररचना झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. यास्तव खारी मारणे, पकडून दुसरीकडे सोडणे किंवा पिंजऱ्यात पाळणे यांपैकी कोणतीही गोष्ट वन विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारल्यावाचून करू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर सभा घेऊन भाषण करण्यापेक्षा एका अंगणात प्रात्यक्षिक दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. गावातील एक परसबाग निवडावी. शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत एकाच दिवशी वाटाणा पेरावा. एकावर जाळीचे झाकण ठेवावे, दुसरा उघडा ठेवावा. पंधराव्या दिवशी दोन्ही वाफ्यांतील रोपे गावकऱ्यांसमक्ष मोजावीत. डाळिंबाच्या एका झाडावरील निम्म्या फळांना पिशव्या बांधून तोडणीच्या वेळी चांगली फळे अशीच मोजावीत. बचत गटातील स्त्रियांना पिशव्या शिवण्याचे व गावातील सुताराला झाकणाचा सांगाडा करण्याचे काम दिल्यास वस्तू गावातच तयार होते व दुरुस्तीचीही सोय होते. एक झाकण दोन-तीन घरांनी मिळून घेतले तरी चालते, कारण पेरणी सर्वांची एकाच दिवशी नसते.

पाहणीची वही शाळेतील मुलांकडे द्यावी. पहाटे काय सापडले, सायंकाळी काय सापडले, भोक कसे होते, चोथा होता की नव्हता, एवढ्या चार रकान्यांत आठवड्याचे चित्र स्पष्ट होते. शेतकऱ्याने "खारीने बाग खाल्ली" असे सांगितले असता कार्यकर्त्याने प्रथम वही पाहावी, मग उपाय सांगावा.

ज्या घराची कल्पना प्रारंभी केली, तेथे याच क्रमाने काम केले तर काय होईल? वाटाण्याची दुसरी पेरणी जाळीखाली होईल. उरलेल्या डाळिंबांपैकी अळी न शिरलेली फळे पिशवीत राहतील. किडलेली काढून पुरली जातील. चिकू पक्व होताच तोडून अढीत जातील व वटवाघळांना झाडावर मऊ फळ सापडणार नाही. एखादे पेरूचे फळ खार तरीही नेईल. शेंड्यावरील, हात न पोहोचणारी चार फळे तिची समजून सोडून द्यावीत. परंतु आबांच्या पिशवीतून विषाची पुडी घरात येणार नाही, नातू व कोंबड्या त्याच अंगणात निर्धास्त हिंडतील आणि माघात वाटाण्याच्या शेंगा त्याच परसातून ताटात येतील.

तरी शेतकरी बंधुभगिनींनी परसबागेत नुकसान दिसताच प्रथम सात दिवस पाहणी करावी, पेरणीनंतर पंधरा दिवस वाफा झाकावा, फळ मऊ होण्यापूर्वी काढावे आणि विष अंगणात आणू नये.